केझेकची माणसं

आमच्या बेश-बुलाकात अनिपाची ओळख अजूनही 'जुमाश पाटकऱ्याची थोरली' अशीच करून देतात. वय बेचाळीस, राजधानीत शिकलेली, तिथं आठ वर्षं नोकरी करून परत आलेली, चौदा गावांचं पाणी तिच्या प्रोग्रामवर चालतं. तरी आपली थोरलीच. तिला त्याचं वाईट वाटत नाही. जुमाश अबांनी एकतीस वर्षं आमच्या पाटाचं पाणी वाटलं. तेवढ्या काळात त्यांच्यावर चार वेळा फावडं उगारलं गेलं आणि लागलं एकदाच. कपाळावरची ती खूण ते नव्या माणसाला मानानं दाखवत.

आमच्या किर्गिझ मुलखात, तलासच्या खोऱ्यात, जिकडे पाहाल तिकडे राजमा. राजम्याला फुलोऱ्यात पाणी चुकलं की फूल गळतं, आणि मग वर्षभर एकमेकांची तोंडं बघत बसायचं. त्यामुळे पाळी कुणाची, किती तास, कुणानंतर कोण, यावरून सख्खा भाऊ भावाशी बोलेनासा होतो. हे सगळं जुमाश अबांच्या एका वहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, वाचा जवळजवळ गेली, आणि मग लक्षात आलं की ती वही त्यांच्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही.

अनिपा बापाची सेवा करायला म्हणून आली आणि वही वाचत बसली. एक अख्खा हिवाळा तिनं त्या खुणा उलगडण्यात घालवला. तिचा कॉलेजातला मित्र तिलेक राजधानीतून मदतीला होताच. दोघांनी मिळून प्रोग्राम लिहिला: कुणाचं शेत किती, पीक कोणतं, पाटात पाणी किती, हे त्यात भरलं की तो पाळ्या लावतो आणि ज्याची पाळी त्याच्या फोनवर मेसेज धाडतो. नाव ठेवलं 'केझेक'. आमच्या भाषेत केझेक म्हणजे पाळीच.

त्याचा कोड त्यांनी इंटरनेटवर उघडा ठेवला. कुणीही वाचावा, फुकट न्यावा, चूक दिसली तर दुरुस्ती करून पाठवावी. ती दुरुस्ती तपासून आत घ्यायची की नाही, हे अनिपा ठरवणार. पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष केनेशबेक तेव्हा तिच्यावर चिडले होते.

"फुकट? आणि वर सगळ्यांना उघडं? अगं, उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, इथं चुकलंय."

"म्हणू दे की," अनिपा म्हणाली. "पाण्याची वाटणी झाकून ठेवली तर मारामाऱ्या होतात. उघडी ठेवली तर शिव्या मिळतात. मला शिव्या परवडतात."

शिव्या तिला खरंच परवडत होत्या. अडचण वेगळी होती. दुसऱ्याच वर्षी तिलेक कामासाठी परदेशी गेला, आणि तेव्हाच्या अकरा गावांचा केझेक एकट्या अनिपाच्या गळ्यात पडला. मदत करू म्हणणारे येत होते, नाही असं नाही. उघडा प्रोग्राम म्हटला की कुठून कुठून माणसं येतात. पण आली तशी जायची. तिला त्याचं फारसं काही वाटायचं नाही. उलट ती म्हणायची, "पाटाला बोटाएवढं भोक पडलं तरी बांध जातो. ज्याला नीट करता येत नाही, त्यानं हात लावू नये." बापाचाच बाणा तो.

पेरिझात नावाची एक मुलगी होती, राजधानीत शिकणारी, वीस वर्षांची. तिनं एक दुरुस्ती पाठवली. अनिपानं ती ओळ न् ओळ तपासली आणि एक्केचाळीस चुका काढून परत धाडली. त्या मुलीचं पुन्हा नाव नाही. अनिपानं मला हे सांगितलं होतं तेव्हा तिच्या आवाजात थोडी फुशारकीच होती. "एक्केचाळीस, मास्तर! मोजल्या मी."

मी शाळेत भूगोल शिकवतो. मला चुका मोजायची सवय आहे. तरी मला ते कसंसंच वाटलं, पण मी तिला चहाचं विचारलं. शेजारधर्म.

मग तो जून आला. आमच्या वरच्या अंगाची एक चारी दुरुस्तीसाठी मधेच बंद करावी लागली, आणि केझेकनं कशी कुणास ठाऊक, दोन गावांना एकच पाळी दिली. तेच दिवस, तेच तास. सकाळी पाटाच्या दारापाशी दोन्हीकडची माणसं फावडी घेऊन उभी. मी अनिपाकडे धावलो, तर घरात फक्त जुमाश अबा. आदल्याच दिवशी तिचं आंत्रपुच्छ फुगलं म्हणून तिला तालुक्याच्या इस्पितळात नेऊन पोट उघडलं होतं. फोन लावला तर तिची बहीण म्हणाली, "ती अजून गुंगीत आहे, कुठली पाळी न् काय!"

दोन दिवस कुणालाच काही करता आलं नाही. प्रोग्राम सगळ्यांसमोर उघडा पडलेला, पण त्याच्या आत शिरायचं कसं ते एकीलाच ठाऊक. शेवटी केनेशबेकनी शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या पाटकऱ्याला गाडीत घालून आणलं आणि त्यानं डोळ्यांच्या अंदाजानं पाळ्या लावल्या. कुणाचं डोकं फुटलं नाही, एवढंच.

चौथ्या दिवशी केनेशबेक आणि मी इस्पितळात गेलो. त्यांनी जर्दाळू नेले होते, आणि बोलणंही तयार करून नेलं होतं.

"अनिपा, राग मानू नकोस. तुझ्या बापाची वही फक्त तुझ्या बापाला वाचता यायची. तू ती मशीनमध्ये घातलीस आणि आता ती फक्त तुला वाचता येते. मग फरक काय पडला? पुढल्या वर्षी आम्ही परत वहीवर जाऊ म्हणतो."

केनेशबेक चहा प्यायला बाहेर गेल्यावर अनिपा भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिला लहानपणापासून ओळखतो. बापाचा हात गेला तेव्हाही तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"मास्तर," ती म्हणाली, "ते बरोबर बोलले. हे मला माझं मला का कळलं नाही?"

घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते पेरिझातला पत्र लिहायचं. ते तिनं मला दाखवलं. लांबलचक काही नव्हतं. 'मी तुझ्याशी वाईट वागले. तू कुठं कुठं अडखळलीस ते मला सांगशील का?' असं दोनच ओळींत.

उत्तर आलं आठ दिवसांनी, 'एजे' म्हणजे ताई अशी हाक मारून. 'एजे, तुमचा प्रोग्राम माझ्या मशीनवर नुसता चालू करायला मला तीन दिवस लागले. कसा करायचा ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. तीन दिवसांनी मी एक लहानशी दुरुस्ती केली. तुम्ही मला एक्केचाळीस गोष्टी सांगितल्यात. त्यात आभार एकदाही नव्हते.'

अनिपानं ते पत्र दोनदा वाचलं, लॅपटॉप मिटला आणि गोठ्यात जाऊन अख्खा शेणाचा ढीग उपसला. टाके ताजे होते. बहीण बडबड बडबड बडबडली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात. "मास्तर, तुम्हाला प्रोग्राममधलं काय कळतं?"

"काहीच नाही."

"छान. मग तुम्हीच हवे."

तिचा बेत असा की मी तिच्या स्वयंपाकघरात बसायचं, केझेक माझ्या मशीनवर चालू करायचा, आणि तिनं शेजारी बसून नुसतं बघायचं. एक शब्द बोलायचा नाही. मी हसलोच. अनिपा आणि गप्प? तर तिनं वाटीतून एक कुरुत उचलला आणि तोंडात टाकला. कुरुत म्हणजे आमचा वाळवलेल्या खारट दह्याचा गोळा, दगडासारखा. तो तोंडात असला की माणसाला बोलता येत नाही.

पाच तास लागले मला. पहिला तास तर मी चुकीचीच गोष्ट उतरवून घेत होतो, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की मला वाटलं आता हिचा दात पडणार. मी अडलो की ती वहीत एक रेघ मारायची. एकदा मला राहवेना. मी म्हणालो, "अगं, निदान मान तरी हलव!" तिनं मानही हलवली नाही. डोळ्यांत पाणी आणून बसली होती, ते खारटपणानं की माझ्या अडाणीपणानं, देव जाणे. जुमाश अबा कोपऱ्यातल्या गादीवरून सगळं बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. झटक्यानंतर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी वाटीतले सहा कुरुत संपले होते आणि वहीत एकोणीस रेघा होत्या.

"एकोणीस ठिकाणी दार बंद होतं," अनिपा जीभ सोडवत म्हणाली. "आणि मी म्हणत होते, माणसंच कच्ची."

त्या एकोणीस ठिकाणांसाठी तिनं सगळ्या सूचना नव्यानं लिहिल्या, साध्या किर्गिझमध्ये, मग रशियनमध्येही. नवा माणूस आता तासाभरात आत शिरू शकत होता. ते पाहून केनेशबेकनी वहीचं नाव काढायचं सोडलं. पण आत येऊन त्यानं करायचं काय? त्यासाठी तिनं जे केलं ते मला सगळ्यात अवघड वाटतं. तिनं लहान लहान चुका स्वतः दुरुस्त करायचं सोडलं. त्यांची तिनं वेगळी यादी केली. उंबऱ्यावरची कामं, असं ती म्हणायची. प्रत्येक कामाखाली लिहायचं: चूक काय, कुठं बघायचं, अडलात तर कुणाला विचारायचं. आणि मग वाट बघायची.

"हे दहा मिनिटांचं काम आहे," ती एकदा दात-ओठ खात मला म्हणाली. "दहा मिनिटांचं! आणि मी सतरा दिवस त्याच्याकडे बघतेय."

"मग करून टाक."

"मी केलं तर एक चूक कमी होईल. दुसऱ्यानं केलं तर एक माणूस वाढेल." पुढं ती हळूच म्हणाली, "पण हात शिवशिवतात हो, मास्तर."

अठराव्या दिवशी ते काम कुणी केलं? मी. मेसेजमध्ये चारीला जो शब्द होता तो शहरी होता, आमच्या म्हाताऱ्यांना कळायचा नाही. मी एक शब्द बदलला. एकच. दोन तास घाम गाळून तो पाठवला, आणि तासाभरात अनिपाचं उत्तर आलं, भिंतीपलीकडच्या घरातून: 'आभार, बाकास मास्तर. हा शब्द माझ्या वडिलांच्या तोंडी होता, मी विसरले होते. एकच सुचवते: दुसऱ्या पानावरही तो तसाच बदला.' मी चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, पण ते बायकोला वाचून दाखवलं. मग आईला. मग शाळेत.

हाच तिचा रिवाज झाला. पहिल्यांदा येणाऱ्याला एका दिवसात उत्तर. आधी आभार, मग काय चांगलं झालं ते, आणि मग सुधारणा सांगायची ती एकच, सगळ्यात महत्त्वाची. बाकीच्या पुढल्या वेळी, कारण पुढली वेळ यायला हवी. पेरिझात परत आली ती अशी. पहिल्या महिन्यात तिनं पाच कामं केली, आणि त्यानंतर मोजायचं आम्ही सोडून दिलं.

पुढल्या वसंतात इसाक अबा आले. अयाक-अरिक हे गाव पाटाच्या पार शेपटाकडे आहे, आणि इसाक अबा तिथले पाटकरी, वय सदुसष्ट. ते घोड्यावरून आमच्या गावी आले, अनिपाच्या अंगणात उतरले आणि चहासुद्धा न घेता सुरू झाले.

"जुमाशची पोर ना तू? तुझं ते यंत्र खोटारडं आहे."

पूर्वीची अनिपा असती तर तिथंच ठिणगी पडली असती. ती म्हणाली, "बसा, अबा. काय खोटं बोललं ते सांगा."

"माझ्या माणसांना चार तासांची पाळी देतं. पाणी पोचायला तीन तास लागतात. मग उरलं काय? चिखल! चार वर्षं मी चोरून तास वाढवतोय आणि वरच्यांच्या शिव्या खातोय."

अनिपाचा चेहरा उतरला. तिचं गाव पाटाच्या तोंडाशी. इथं दार उघडलं की पाणी आलंच. बापाच्या वहीत वाटेतल्या वेळेचा रकाना नव्हता, कारण बापाला त्याची कधी गरजच पडली नव्हती. आणि वहीत नव्हता म्हणून प्रोग्राममध्येही नव्हता. दार उघडल्या क्षणापासून घड्याळ सुरू.

"अबा, किती वेळ लागतो ते मला नेमकं सांगाल?"

"सांगून काय कळणार? चालावं लागतं."

मग आम्ही चाललो. मे महिन्याचा पहिला आठवडा, मोसमातली पहिली पाळी, चाऱ्या कोरड्या ठणठणीत. पेरिझात खास राजधानीतून आली होती. आम्ही तिला पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होतो. लहानखुरी, पांढरे बूट घातलेली. इसाक अबांनी त्या बुटांकडे पाहिलं आणि आपले जास्तीचे रबरी बूट तिच्यापुढं टाकले. दार उघडलं. पाण्याचं तोंड चारीतून पुढं सरकू लागलं, काडीकचरा पुढं ढकलत, भेगांत शिरत, फेसाळत.

"पाण्याबरोबर चालायचं," अबा म्हणाले. "पुढं पळायचं नाही, मागं राहायचं नाही. जमीन पाणी पिते ते बघायचं."

सात किलोमीटर. कुठं पाणी माणसापेक्षा भरभर, तर कुठं वाळूच्या पट्ट्यात पाव पाव तास एकाच जागी. अबा बोलत होते, "इथं उंदरांची बिळं. इथं दुसऱ्या पाळीला निम्मा वेळ लागतो. इथं सावली आहे, इथं जमीन धरून ठेवते." पेरिझात फोनवर वेळ टिपत होती, अनिपा अंतर. दुपारी अयाक-अरिकला पोचलो तेव्हा तीन तास बावीस मिनिटं झाली होती. अबांच्या म्हातारीनं नान, साय आणि चहा मांडून ठेवला होता. पेरिझातनं जेवता जेवताच मशीन उघडलं.

तिनं आणि अबांनी ती दुरुस्ती केली. म्हणजे कोड पेरिझातनं लिहिला, आणि कोरड्या चारीचं, ओल्या चारीचं, वाळूचं, सावलीचं गणित अबांनी सांगितलं, तेही दहा दहा वेळा, वैतागून. "पोरी, मी काय म्हटलं? दुसऱ्या पाळीला निम्मं! तुला कान आहेत की कानातली नुसती?" पेरिझात हसून पुन्हा लिहायची.

ज्यांनी ज्यांनी केझेकला हात लावला त्यांची नावं प्रोग्राममध्येच एका पानावर असतात. अनिपानं तिथं इसाक अबांचं नाव लिहिलं, पेरिझातच्या शेजारी, त्याच अक्षरांत. राजधानीतल्या एकानं, जो बऱ्यापैकी काम करायचा, हरकत घेतली. त्या म्हाताऱ्यानं कोडची एक ओळ लिहिली नाही, ही यादी लिहिणाऱ्यांची आहे, वगैरे. अनिपानं सगळ्यांसमोर उत्तर दिलं: 'त्यांनी सांगितलं नसतं तर आपण चुकीच्या ओळी फार सुंदर लिहीत राहिलो असतो.' तो माणूस रागावून गेला, तीन महिन्यांनी परत आला. आला तेव्हा त्यालाही आभारानंच सुरुवात.

त्या उन्हाळ्यात अयाक-अरिकला पहिल्यांदा पुरतं पाणी मिळालं. ऑगस्टमध्ये इसाक अबा पुन्हा घोड्यावरून आले. या वेळी खोगिराला एक मेंढा आडवा बांधलेला होता.

यानंतर माणसं येतच गेली. एक टपाल खात्यातली बाई, दोन शिक्षक, नदी सरहद्दीपलीकडे जाते तिथला कझाक साकेन, एक पशुवैद्य. सगळे टिकले नाहीत. पण गेले तेही शिव्या देत गेले नाहीत, आणि कुणाकुणाला पुढं पाठवून गेले.

खरी परीक्षा गेल्या वर्षीच्या जुलैत झाली. अनिपाच्या मामांना जाऊन वर्ष झालं त्याचं जेवण होतं, वर डोंगरातल्या कुरणावर. तिथं फोन लागत नाही. ती जुमाश अबांना घोडागाडीत घालून, स्वतः घोड्यावर, तीन दिवसांसाठी गेली. दुसऱ्याच दिवशी दुपारच्या पावसानं वरच्या घळीतून चिखल-दगडांचा लोंढा आला आणि मुख्य पाट चाळीस पावलं वाहून गेला. राजमा ऐन फुलोऱ्यात.

केनेशबेक घामाघूम होऊन माझ्या घरी आले. "अनिपा कुठंय?"

"डोंगरात."

"संपलं मग! चौदा गावं, मास्तर! नळ टाकून निम्मं पाणी येईल म्हणतात, तेही रोज वेगळं. आता वही तरी कुठं राहिली?"

"बसा. बायको चहा आणतेय."

"चहा?" ते किंचाळलेच.

मी पेरिझातला फोन लावला. तिला आधीच कळलं होतं. साकेननं पलीकडं नदीचा रंग पाहून तिला विचारलं होतं. केझेक धरून चालायचा की पाळी संपेपर्यंत पाटातलं पाणी सारखंच राहणार. आता ते रोज बदलणार होतं. पेरिझात मला अगाय, म्हणजे गुरुजी, म्हणते. ती म्हणाली, "अगाय, मला आकडे द्या. नळांतून किती येईल, कधी वाढेल." आकडे कुणाकडे असणार? इसाक अबा फुटलेल्या पाटावरच उभे होते, गुडघाभर चिखलात. त्यांनी तिथून ओरडून ओरडून सांगितलं, मी लिहून घेतलं. पेरिझातनं बदल लिहिला, साकेननं तपासला, टपालवाल्या बाईनं मेसेजची भाषा बदलली म्हणजे लोक घाबरू नयेत, आणि मी तो आमच्या गावच्या शेतांवर चालवून पाहिला.

पहिल्या फटक्यात एका चारीला दिवसाला सव्वीस तास पाणी मिळालं.

"पेरिझात," मी म्हणालो, "मी भूगोल शिकवतो. दिवस चोवीस तासांचा असतो."

ती खो खो हसत सुटली, आणि केनेशबेकसुद्धा हसले, भीतीनं का होईना. वीस मिनिटांत दुरुस्ती आली. साडेचार तासांनी, म्हणजे अंधार पडायच्या आत, चौदा गावांतल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या फोनवर नवी पाळी होती. प्रत्येकाला कमी मिळालं, पण सगळ्यांना मिळालं, आणि शेपटालाही. फूल गळलं ते थोडंफार. दारापाशी फावडं घेऊन कुणी उभं राहिलं नाही.

अनिपा तिसऱ्या दिवशी खाली उतरली. खिंडीजवळच्या वळणावर फोन लागतो. तिथं तिच्या खिशात मेसेजांचा धो धो पाऊस सुरू झाला. तिनं घोडा थांबवला आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. तिनंच मला हे सांगितलं. पाट फुटल्याचं कळलं. पुढं वाचत गेली. शेवटचा मेसेज पेरिझातचा: 'झालं, एजे. घाई करू नका.'

"खरं सांगू, मास्तर?" ती म्हणाली. "एक क्षणभर जीव दुखला माझा. माझ्यावाचून झालं म्हणून. आणि मग असं वाटलं की घोड्यावरच उभी राहून ओरडावं."

"ओरडलीस?"

"घोडा बुजला ना."

मग तिनं विचारलं, "ते सव्वीस तास कुणी पकडले?"

"मी."

"शाबास," ती म्हणाली. मला आयुष्यात बऱ्याच शाबासक्या मिळालेल्या आहेत. मी त्या आता विसरलोय.

त्याच आठवड्यात तिनं बदल आत घ्यायचा अधिकार पेरिझातला आणि साकेनला दिला. आता तिला न विचारता ते दोघं ठरवू शकतात. पहिल्याच महिन्यात पेरिझातनं अनिपाची स्वतःची एक दुरुस्ती परत पाठवली. आभार मानून, एकच सुधारणा सुचवून. अनिपा ती मला दाखवायला भिंतीवरून जवळजवळ उडी मारून आली.

राजम्याची मळणी आटोपल्यावर संस्थेची सभा भरली. केनेशबेकनी मखमली चापान आणला होता, आमच्याकडे मानाच्या माणसाच्या खांद्यावर घालतात तो लांब झगा, निळा, सोनेरी वेलबुट्टीचा. बाईला चापान देण्याची आमच्या संस्थेतली ही पहिलीच वेळ. मला वाटलं अनिपा आढेवेढे घेईल, सगळ्यांनी मिळून केलंय असं काहीतरी म्हणेल. चांगली माणसं तसंच म्हणतात.

ती ताठ उभी राहिली आणि तिनं खांदे पुढं केले.

"घाला," ती म्हणाली. "कमावलाय मी. प्रोग्राम मी आणि तिलेकनं लिहिला, तो आमच्या जागी दुसऱ्या कुणीही लिहिला असता. माणसं मी आणली. ते मला येत नव्हतं. मी शिकले." आणि मग पहिल्या रांगेकडे बघून, "इसाक अबा, पुढल्या वर्षीचा तुमचा. केनेशबेक अबा, कापड आत्ताच घेऊन ठेवा."

सभेत हशा पिकला. पेरिझात मागे उभी राहून बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवत होती, भर सभेत, मुलीच्या जातीनं. कुणी तिला रागावलं नाही.

जुमाश अबांना आम्ही खुर्चीवर बसवून आणलं होतं. अनिपा चापान घालून त्यांच्यापुढं जाऊन वाकली. त्यांनी डाव्या हातानं कापड चाचपलं, वेलबुट्टीवरून बोट फिरवलं. त्यांना एक एक शब्द फार कष्टानं काढावा लागतो, म्हणून आम्ही सगळे थांबलो.

"बाही," ते म्हणाले, "लांब आहे."

अनिपानं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, बापाच्या गालावरचं पाणी डोक्याच्या रुमालाच्या टोकानं टिपलं, आणि चहाची किटली उचलून रांगेतल्या पहिल्या माणसापासून वाढायला सुरुवात केली.